हेलिकॉप्टरची दुसरी सही

ज्या माणसानं एकतीस वर्षं खरी हेलिकॉप्टरं उघडून पुन्हा जोडली, त्याच्यासाठी प्लॅस्टिकचं हेलिकॉप्टर निवडायला जाऊ नये. गेलातच तर निदान खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ असं छापलेलं तरी आणू नये. आमच्या घरात अशी तीन खोकी आली. त्या तीन खोक्यांनी मला जेवढा ताप दिला तेवढा तीस वर्षांच्या संसारानं दिला नव्हता, आणि संसार काही साध्यासुध्या माणसाशी केलेला नव्हता.

माझा नवरा हेलिकॉप्टर मेकॅनिक. पत्र्याची उंच शेड, मध्ये दोन-तीन हेलिकॉप्टरं पोट उघडून उभी, आणि भिंतीवर हत्यारांचा फळा. फळ्यावर प्रत्येक पान्याची, प्रत्येक पकडीची आकृती रंगवलेली. हत्यार जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते, आणि एक जरी आकृती रिकामी असली तरी त्या संध्याकाळी कुणी घरी जायचं नाही. शेडमधला दुसरा नियम सहीचा. ज्यानं काम केलं त्यानं कागदावर पहिली सही करायची. मग ज्यानं त्या कामाला बोटही लावलेलं नाही अशा माणसानं येऊन सगळं पहिल्यापासून तपासायचं आणि दुसरी सही करायची. ती झाल्याशिवाय हेलिकॉप्टर जमिनीवरून हलत नाही. शेवटची पंधरा वर्षं ही दुसरी सही आमच्या घरधन्यांची होती.

ती मिळवताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ यायचे. कुणी घाईघाईनं कागद पुढे केला की हे म्हणायचे, “थांब जरा.” मग बॅटरी घेऊन आत शिरायचे ते तासाभरानं बाहेर यायचे. शेडमध्ये सगळे पाठीमागे त्यांना ‘थांबकाका’ म्हणत. एकदा दहा नंबरचा पाना फळ्यावर नव्हता. हेलिकॉप्टर तयार, पायलट तयार, जाणारी मंडळी बॅगा घेऊन उभी, आणि थांबकाका सही करेनात. चार तास शोधाशोध झाली. शेवटी पाना सापडला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत. साहेबांची खुर्ची डुगडुगत होती, म्हणून त्यांनी तो स्वतःच नेला होता. वर साहेबच विचारतात, “एवढ्याशा पान्यासाठी?” यावर हे म्हणाले, “तो खुर्चीखाली होता हे आत्ता कळलं. चार तासांपूर्वी तो कुठंही असू शकला असता, त्या हेलिकॉप्टरच्या पोटातही.” साहेब बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, आणि यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

घरी तरी काय वेगळं? मी दाराला कडी घातली की मागून येऊन ओढून बघणार. मी गॅस बंद केला की बटणाला हात लावून बघणार. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, या माणसाचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. एकदा भडकून तसं तोंडावर म्हटलंसुद्धा. तर म्हणाले, “ज्याचं काम बघण्याच्या लायकीचं असतं त्याचंच मी बघतो. बाकीच्यांना कामाला हातच लावू देत नाही.” आता यावर काय बोलणार, कपाळ! मी कडी घालत राहिले आणि ते ओढत राहिले.

आणि मग एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. त्यांनी तो उचलायला हात खाली न्यायला बघितला आणि हात गेलाच नाही. दवाखाना, डॉक्टर, धावपळ, सगळं झालं. डोक्यात गुठळी होती. बोलणं आठवड्यात ताळ्यावर आलं, पाय महिन्याभरात चालू लागला, उजवा हात मात्र रुसून बसला. बोटं मिटायची ती उघडायची नाहीत, उघडली तर थरथरायची. शर्टाची बटणं मी लावायला लागले. मी बटणं लावत असताना ते समोरच्या भिंतीकडे बघत उभे राहायचे. जणू शर्ट दुसऱ्याच कुणाचा आहे.

हाताचे व्यायाम घ्यायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. फार गोड बोलायच्या, पण खरं सांगायच्या. म्हणाल्या, “पहिल्या सात-आठ महिन्यांत बोटं जेवढी कामाला लावाल, तेवढी परत येतील. नंतर एकेक गोष्ट फार जड जाईल.” मी दाराआडून ऐकत होते. यांनी नुसतं “बरं” म्हटलं.

आणि केलं काय? काही नाही. मऊ चेंडू दिला, तो सोफ्याखाली गेला तो गेलाच. मी घरी शिवणकाम करते, कपड्यांची दुरुस्ती, मापात घेणं, बाह्या बदलणं, तसली कामं. माझ्याकडं बटणांची बरणी आहे. बाई म्हणाल्या, रंगाप्रमाणं बटणं निवडू देत. मी बरणी पुढे ठेवली, तर माझ्याकडं असं बघितलं की मी बरणी उचलून पुन्हा मशीनवर ठेवली. “मी बटणं निवडू?” एवढंच म्हणाले. पाचवा महिना लागला आणि हात तिथल्या तिथं. मला रडू यायचं आणि रागही यायचा, आणि खरं सांगायचं तर राग जास्त यायचा.

“त्यांना ओढ वाटेल असं काहीतरी हातात द्या,” बाई म्हणाल्या. मी फोनवर लेकीला सांगितलं. ती दूर राहते आणि तिच्याकडं प्रत्येक प्रश्नाला एका मिनिटात उत्तर असतं.

“अगं आई, हेलिकॉप्टरचं मॉडेल! सुटे भाग येतात, आपण जोडायचे. त्यातलं सगळ्यात सोपंवालं पाठवते बाबांना.”

आलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘नवशिक्यांसाठी’. आत जाडजूड अकरा भाग, ग्लू नको, काही नको, नुसतं दाबायचं की बसतं. समोरच्या काचेवर दोन डोळे आणि हसरं तोंड छापलेलं होतं. स्वारीनं डाव्या हातानं खोक्यावरचं चित्र फिरवून फिरवून बघितलं.

“शेपटीला पंखाच नाही.”

“मग काय झालं?”

“वरचा पंखा एकीकडं फिरतो तेव्हा खालचा अख्खा डबा उलटीकडं फिरायला बघतो. शेपटीचा पंखा त्याला धरून ठेवतो. हे उडालं तर आतला माणूस भोवऱ्यासारखा फिरेल.”

“अहो, आत माणूस नाहीये.”

“दिसतंय मला.” आणि त्यांनी ते हसरं खोकं कपाटावर ठेवलं, तोंड भिंतीकडं करून.

लेकीला मी म्हटलं, आता तू राहू दे, मी बघते. तिथं मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर गेलं की अशा मॉडेलांचं एक दुकान आहे. जमिनीपासून छतापर्यंत खोकीच खोकी. विमानं, जहाजं, रणगाडे, आणि कोपऱ्यात दोन फळ्या भरून हेलिकॉप्टरं. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला. त्या दिवशी तो दोन गिऱ्हाइकांशी हिरव्या रंगावरून वाद घालत होता. जगात हिरव्या रंगाचे इतके प्रकार असतात आणि त्यांवरून मोठी माणसं इतकी भांडतात, हे मला त्या दिवशी कळलं. पाऊण तास उभी राहिले. शेवटी म्हटलं, मरू दे, मीच निवडते.

एकाच हेलिकॉप्टरची दोन खोकी होती. एकावर १/४८, दुसऱ्यावर १/७२. दोन्हींवर बाजूला ‘नवशिक्यांसाठी’. बोटं थरथरतात, तेव्हा मोठं घ्यावं हे उघड होतं. आता माझं सगळं आयुष्य मापात गेलेलं. मशीनची सुई अकरा नंबरची बारीक, अठरा नंबरची जाड. छाती छत्तीस म्हणजे सडपातळ, चव्वेचाळीस म्हणजे भरलेली. मोठा आकडा म्हणजे मोठी वस्तू, यात विचार करण्यासारखं काय आहे? मी बहात्तर उचललं. खोकं जरा लहान वाटलं, पण म्हटलं, आत नीट घडी घालून बसवलं असेल.

घरी त्यांनी खोक्यावरचा आकडा वाचला, मग माझ्याकडं बघितलं. “मोठं आणलंस?”

“हो, बहात्तर.”

“अगं, खऱ्याचे बहात्तर भाग केले, त्यातला एक भाग एवढं हे. अठ्ठेचाळीसवालं मोठं असतं.” आणि ते हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले, तेही माझ्यावर. मला इतकं बरं वाटलं की खोकं बदलून आणायचं मी विसरूनच गेले, आणि तेच महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून टेबलाशी बसले. आतले भाग बघून मला घाम फुटला. पायलटच्या हातातला दांडा पापणीच्या केसाएवढा. यांनी चिमटा उजव्या हातात धरला, एक भाग उचलला, बोटं थरथरली आणि भाग टुणकन उडाला. मी जमिनीवर गुडघे टेकले. पडलेल्या टाचण्या उचलायला माझ्याकडं चुंबक आहे, तो घेऊन मी फरशीभर फिरवला. दोन टाचण्या आणि एक हूक सापडला. बऱ्याच वेळानं वरून आवाज आला, “प्लॅस्टिक आहे ते.” मग मला शरमही वाटली आणि माझं डोकंही फिरलं. दुपारी पुढची काच चिकटवायला मी चपला चिकटवायचा ग्लू दिला, तर काच वाफ धरल्यासारखी पांढरी पडली. पुसली तरी जाईना. तिसऱ्या दिवशी चौथा भाग उडाला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं खोक्याचं झाकण लावलं.

“बास. हे मला जमणार नाही.”

तीस वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. पुढचे दहा दिवस ते खिडकीत बसून होते. बाईंनी पकड मोजायचं यंत्र आणलं होतं, मुठीत धरून दाबायचं, काटा सरकतो. काटा गेल्या महिन्यात जिथं होता तिथंच थांबला. बाई मला जिन्यापर्यंत घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “फार तर दोन महिने आहेत असं समजा.”

मी चप्पल घातली आणि तशीच दुकानात गेले. सुदैवानं हिरव्या रंगवाले नव्हते. मी बहात्तरचं खोकं काउंटरवर आपटलं.

“काय झालं ताई?”

“काय झालं? केसाएवढाले भाग घालता आणि वर ‘नवशिक्यांसाठी’ छापता? लाज नाही वाटत?”

“मी नाही छापत ते. कोणासाठी हवंय? नवशिके आहेत ना?”

तिथं माझा बांध फुटला. म्हटलं, “माणूस नवशिका नाही हो. त्यांनी खऱ्या हेलिकॉप्टरांखाली जन्म काढलाय. हात नवशिका आहे. उजवा हात. मला असं पाहिजे की जे हाताला झेपेल आणि माणसाचा अपमान करणार नाही. आहे का तुमच्याकडं? नसेल तर तसं सांगा, मी उगाच जिने चढत नाही.”

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा काढून काउंटरवर ठेवला. बाजूचं स्टूल ओढून मला बसायला दिलं. मग तो फळीसमोर जाऊन एकेक खोकं काढायला लागला आणि स्वतःशीच बोलायला लागला. हे नको, दारं उघडतात, बिजागऱ्या नाजूक. हे नको, पाच पात्यांचा पंखा, हमखास मोडतो. हे नको, चाकं आहेत, एक जरी उणंअधिक बसलं तर तिरकं उभं राहतं. हे बघा. अठ्ठेचाळीसचं. दोनच पाती, चाकांच्या जागी खाली दोन लांब दांड्या, पुढची काच एकसंध. भाग थोडे आणि धरता येतील असे, पण एकही खोटा नाही, शेपटीचा पंखासुद्धा जिथल्या तिथं. त्यानं ग्लूही वेगळा दिला, सावकाश वाळणारा, म्हणजे वाकडं बसलं तर सरळ करायला वेळ मिळतो आणि काच पांढरी पडत नाही. “हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?” मी विचारलं. “तुम्ही विचारलंच नाहीत,” तो म्हणाला. खरं होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

या खोक्यावर ‘नवशिक्यांसाठी’ हे छापलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं. जिन्यावर उभी राहून मी नखानं ते खरवडून काढलं. घरी आल्यावर त्यांनी खोकं हातात घेतलं, आणि पहिलं काय केलं असेल? नेमक्या त्याच जागेवरून अंगठा फिरवला.

“इथं काय होतं?”

“दुकानाचं लेबल.”

“दुकानाचं लेबल मागे आहे. इथं काय होतं?”

या माणसाशी खोटं बोलायची सोय नाही. मी सांगून टाकलं. दुकानात काय काय बोलले तेही सांगितलं, हात नवशिका आहे हेसुद्धा. ते उजव्या हाताकडं बघत बसले. मला वाटलं, झालं, हेही गेलं कपाटावर.

“पट्टी आण,” ते म्हणाले. “आणि मोठा कागद.”

मला सांगून सांगून त्यांनी रकाने आखून घेतले. कामं बावीस, प्रत्येक कामाला नंबर. पुढे दोन रकाने, ‘काम करणारा’ आणि ‘तपासणारा’. तपासणारी मी. चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि बाजूला पुन्हा सही करायची, हेही त्यांनी मला बजावलं. मग काम सुरू झालं. भाग डाव्या हातात, तो घासायची कानस उजव्या हातात. कानस निसटायची, ते शिव्या द्यायचे, पुन्हा धरायचे. एकेका भागाला अर्धा दिवस लागायचा. काम झालं की डाव्या हातानं सही करायचे. ती सही म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. आणि मला हाक मारायचे, “तपास.”

मी त्याच खोलीत मशीनवर. बँडवाल्यांचे अठरा कोट मापात घ्यायला आले होते, प्रत्येकाला सोनेरी पट्ट्या उसवून पुन्हा लावायच्या. मी उठायचे, “छान झालंय हो” म्हणायचे, सही ठोकायचे आणि परत मशीनवर. नऊ दिवसांत अकरा कामं झाली. दहाव्या सकाळी त्यांनी चहाचा कप उजव्या हातानं उचलला. अर्धा चहा बशीत सांडला, पण उचलला. मी बँडवाल्यांच्या कोटात तोंड खुपसून हसले.

त्याच दुपारी त्यांनी मला बोलावलं. कागद समोर होता.

“सात नंबरला काय तपासलंस?”

“सात म्हणजे?”

“खालच्या दांड्या. उजवी दांडी उलटी बसलीय, पुढचं टोक मागे. मला आत्ता दिसलं. तुझी सही आहे इथं. काय बघितलंस तू?”

काय सांगणार? सोनेरी पट्टी बघत होते.

“एकही बघितलं नाहीस. अकरा सह्या न बघता केल्यास.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “पोरानं चित्र काढलं की आई म्हणते ना, छान आहे, तसं म्हणत होतीस तू मला. माझ्या कामाला न बघता सही आजवर कुणी केली नव्हती. म्हणजे आता माझं काम बघण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “हो, नाही बघितलं! कधी बघू? तुमचं जेवण, तुमची औषधं, तुमची बटणं, हे अठरा कोट, सगळं माझ्याच डोक्यावर. त्यात प्लॅस्टिकच्या दांड्या पण मीच बघू? तुमचा हात हलतोय एवढंच मला दिसत होतं, आणि मला तेवढंच पुरे होतं!”

“मला पुरे नव्हतं,” ते म्हणाले आणि खिडकीत जाऊन बसले.

चार दिवस बोलणं बंद. टेबलावर ते अर्धवट हेलिकॉप्टर आणि शेजारी कागद. रोज सकाळी मी बटणं लावायचे, ते भिंतीकडं बघायचे. चहा पुन्हा डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर पडलेला असायचा, बोटं मिटलेली. दिवस चालले होते, आणि या वेळी दोष माझा होता, हेच मला सहन होत नव्हतं.

चौथ्या दुपारी कोट देऊन आले. ते खिडकीत पेपर धरून बसले होते. मी शिवणाचा चष्मा लावला, मशीनचा दिवा टेबलावर ओढला आणि कागद घेऊन बसले. आधी माझ्या अकरा सह्यांवर एकेक सरळ रेघ मारली. मग एक नंबरपासून सुरुवात केली. चित्र बघायचं, भाग बघायचा, पुन्हा चित्र, मग बाजूला सही नाहीतर शेरा लिहायचा. एक बरोबर. दोन बरोबर. चार नंबरची खुर्ची किंचित तिरकी, पण चालण्यासारखी. सात चूकच. करता करता अकरावर आले, वरच्या पंख्याची दोन पाती. ती अजून चिकटवलेली नव्हती, नुसती खाचेत बसवलेली होती.

पात्याची एक कड जाड असते, एक पातळ. मी पंखा समोर आडवा धरला. दोन्ही पात्यांच्या जाड कडा माझ्याकडं होत्या. मला ते अगदी बरोबर वाटलं, कारण बाह्या अशाच लावतात, दोन्हींचा पुढचा भाग पुढे. मी सही करणार होते. मग चित्र बघितलं. चित्रात एका पात्याची जाड कड अलीकडं होती आणि दुसऱ्याची पलीकडं. पुन्हा बघितलं. मग पंखा बोटानं हळूच फिरवला आणि डोक्यात प्रकाश पडला. बाह्या पुढे चालतात, पंखा गोल फिरतो. जाड कडेनं हवा कापायची असेल, तर या दोघांपैकी एक पातं उलटंच जाणार होतं. यांनी पात्यांना बाह्यांसारखं जोडलं होतं.

आणि हे त्यांना दिसलं नव्हतं. दांडी दिसली होती, पंखा नव्हता दिसला. मी तसाच तो हातात धरून बसले. ज्या माणसानं एका पान्यासाठी अख्खं हेलिकॉप्टर अडवलं, त्यालाच हे दाखवायचं? आहे तेवढा जीवही जाईल त्याचा. माझ्या बोटांना ते एका मिनिटाचं काम होतं. पातं काढायचं, उलटं करायचं, बसवायचं, सही करायची, कुणाला पत्ता लागला नसता. मी पात्याला हात लावलासुद्धा. मग हात काढून घेतला, आणि पंखा त्यांच्यापुढं नेऊन ठेवला.

“अकरा नंबरला मी सही करणार नाही.”

त्यांनी पेपर खाली केला. “का?”

“तुम्हीच बघा.”

त्यांनी बघितलं. एकदा, दोनदा. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मला दिसला. मला वाटलं, आपण घात केला.

“हे मी केलं?”

“पहिली सही तुमची आहे.”

“हे असं वर गेलं असतं तर...”

“कसं जाईल?” मी म्हटलं. “दुसरी सही झालेली नाही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या रेघ मारलेल्या अकरा सह्यांकडं. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते वाचत गेले. चारला तिरकी खुर्ची, सातला नकार, अकराला नकार. वाचून झालं तसे ते उठले आणि टेबलाशी येऊन बसले. मी पंखा धरायला हात पुढे केला.

“थांब जरा,” ते म्हणाले.

उजव्या हाताचा अंगठा आणि एक बोट. पातं दोनदा निसटून टेबलावर पडलं. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. तिसऱ्यांदा ते पातं बाहेर आलं. उलटं करून खाचेत बसवायला केवढा वेळ गेला कोण जाणे, माझ्या समोरचा चहा पार थंड झाला. शेवटी बारीक टक् आवाज आला. त्यांनी पंखा माझ्याकडं सरकवला. मी दिवा जवळ घेतला, दोन्ही कडा बघितल्या, चित्र बघितलं, पंखा फिरवला, पुन्हा कडा बघितल्या.

“बरोबर.”

त्यांनी जुन्या सहीवर रेघ मारली आणि पेन डाव्या हातातून उजव्या हातात घेतलं. सहा महिन्यांत त्या हातानं अक्षर लिहिलं नव्हतं. पेन बोटांत बसेना, मग बसलं. पहिलं अक्षर ओळीच्या वर गेलं, पुढचं खाली घसरलं, शेवटची रेघ रकान्याच्या बाहेर गेली. पण सही त्यांची होती. ‘छान झालीय हो’ हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

“वाकडी आलीय,” मी म्हटलं. “रकान्याबाहेर गेलीय. परत करा.”

त्यांनी तिच्यावर एक सरळ रेघ मारली, आणि बाजूला परत सही करायला घेतली.